पाच गिअर की सहा? आर्णी तालुक्यातल्या एका सेकंड हँड डिझेल गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

खरेदीदार जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. गाव आर्णी तालुक्यातलं, नागपूर-तुळजापूर महामार्गापासून आत. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, म्हणून इथंही गुरुजीच. माहिती घरच्या मंडळींकडून, गाड्या तपासणाऱ्या मिस्त्रीकडून आणि कागदपत्रांवरून घेतली आहे.

घरात गुरुजी, त्यांच्या मंडळी, म्हातारी आई, सूनबाई आणि दोन नातवंडं. मुलगा यवतमाळला बँकेत, सुट्टी लागली की गावी येतो. मुलगी नागपूरला दिलेली. सूनबाई आरोग्य केंद्रात सिस्टर आहेत, त्यांचं जाऊन-येऊन रोज चाळीसेक किलोमीटर होतं. आधीची पेट्रोल गाडी पाच जणांची. सणावाराला मुलगी-जावई आले की कोणीतरी मोटरसायकलवर मागून यायचं. म्हणून सात आसनांची डिझेल गाडी घ्यायचं ठरलं, आठ लाखांच्या आसपास.

रस्त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा मामला तिथंच अडकतो. गावातून निघालं की थोड्याच अंतरावर नाला आहे, त्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा फरशी-पूल. रपट्यावर उतरताना वळण असल्यानं जोरात येऊन चढ मारता येत नाही. खाली गाडी जवळजवळ थांबते आणि समोर लगेच उखडलेल्या गिट्टीचा उभा चढ. पावसाळ्यात शेतातली काळी माती त्यावर वाहून येते, मग चाकं फिरतात आणि गाडी हलत नाही. त्यापुढे तालुक्याचा डांबरी रस्ता, खड्ड्यांचा, आणि कापसाच्या दिवसांत बैलबंड्या अन् ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा. तिथून राष्ट्रीय महामार्ग ३६१ लागला की यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत नागपूर. वर्षाचं रनिंग पंधरा हजार किलोमीटरच्या घरात, त्यातलं महामार्गाचं जेमतेम तिसरा हिस्सा.

प्रश्न काय होता

मारुतीची एर्टिगा घ्यायची यावर वाद नव्हता. तालुक्याला पार्ट मिळतात, मिस्त्रीच्या हाताला बसलेली गाडी. वाद होता तो गिअरचा.

दुसऱ्या पिढीची एर्टिगा नोव्हेंबर २०१८ मध्ये आली तेव्हा डिझेलमध्ये १.३ लिटरचं इंजिन होतं, मूळ फियाटचं, १२४८ सीसी, ९० पीएस (अश्वशक्ती) आणि २०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. त्याला पाच गिअर. २०१९ मध्ये कंपनीनं स्वतःचं १.५ लिटर डिझेल आणलं, १४९८ सीसी, ९५ पीएस, २२५ न्यूटन मीटर, आणि त्याला सहा गिअर दिले. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीनं डिझेल गाड्या बंदच केल्या. म्हणजे एकाच अंगाची, एकाच काळातली गाडी दोन गिअरबॉक्समध्ये मिळते आणि सहा गिअरची जेमतेम वर्षभराचीच निघालेली. बाहेरून कळलं नाही तर आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, पाहायची. सीसीच्या रकान्यात १२४८ असेल तर पाच, १४९८ असेल तर सहा.

मुलाचं म्हणणं, "बाबा, सहा गिअर म्हणजे अ‍ॅव्हरेज जास्त. समृद्धीवर तर पाच गिअरची गाडी नुसती ओरडत जाते." गुरुजींचं म्हणणं, जितके गिअर जास्त तितका खर्च जास्त. दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य होतं, पण दोघंही आकडा मोजत होते. गाडी वर्षभर कोणत्या गिअरमध्ये राहणार, हे कोणी विचारलं नव्हतं.

अ‍ॅव्हरेजचा मुद्दा आधी निकालात काढतो. याच अंगाच्या एर्टिगाचं प्रमाणित मायलेज पाच गिअर १.३ ला लिटरमागे २५.४७ किलोमीटर आणि सहा गिअर १.५ ला २४.२०. सहावा गिअर असूनही कमी, कारण इंजिन मोठं आहे. प्रत्यक्षात दोन्ही आकडे रस्त्यावर मिळत नाहीत, पण फरक साधारण तेवढाच राहतो. एकीनं १८ दिलं आणि दुसरीनं १७, तरी पंधरा हजार किलोमीटरला पन्नासेक लिटरचा फरक पडतो, डिझेलच्या तेव्हाच्या भावानं वर्षाला साडेचार हजार रुपये. आठ लाखांच्या व्यवहारात या साडेचार हजारांवर घरात रात्री अकरापर्यंत चर्चा चालायची.

खरा फरक खालच्या गिअरमध्ये आहे. १.३ चा पूर्ण जोर १७५० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) येतो. त्याखाली टर्बो (इंजिनात जास्तीची हवा भरणारा पंखा) नीट फुंकत नाही आणि गाडी मेल्यासारखी वाटते. १.५ चा जोर १५०० लाच येतो आणि २५०० पर्यंत टिकतो. रपट्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश गाडी वर घ्यायची तर आरपीएमची सुई हजार-बाराशेला असते. तिथं हा फरक ड्रायव्हरच्या पायाला कळतो. सहावा गिअर असो-नसो, चढावर त्याचा काही संबंध येत नाही.

समोरचे पर्याय

पहिली गाडी यवतमाळच्या एका डॉक्टरांची. १.३, पाच गिअर, २०१९ च्या सुरुवातीची, ६८ हजार किलोमीटर, एकच मालक, सर्व्हिसचे सगळे कागद फाइलला लावलेले. मागणी ७ लाख ९० हजार.

दुसरी एका एजंटकडची. १.५, सहा गिअर, २०१९ च्या उत्तरार्धातली, मीटरवर ९२ हजार, दोन मालक होऊन गेलेले. मागणी ८ लाख ३५ हजार.

तिसरा पर्याय बोलेरो पॉवर प्लसचा, गुरुजींच्या धाकट्या भावानं सुचवलेला. तीन सिलिंडरचं १.५ लिटर इंजिन, ७० पीएस, पाच गिअर, मागच्या चाकांना जोर. चिखलाच्या रस्त्याला ही गाडी उजवी, यात शंका नाही. पण आईला मागच्या बाकड्यावर बसवून नागपूरला न्यायचं कसं, इथं तो विषय संपला.

आणखी थांबून दुसरी सहा गिअरची शोधायची, हाही पर्याय होता. वर्षभरच निघालेली गाडी, त्यात चांगली ठेवलेली, त्यात आपल्या जिल्ह्यात, आणि पेरणीच्या आत हवी. शेवटच्या अटीनं हा पर्याय मागे पडला.

गाड्या पाहताना

मिस्त्री गुरुजींचाच जुना विद्यार्थी. एजंटची गाडी तो पोरगा गावातच घेऊन आला, विकायची घाई होती. मिस्त्रीनं बोनेट उघडलं नाही, आधी ड्रायव्हरचा दरवाजा उघडून खाली वाकला. ब्रेक पेडलचं रबर घासून गुळगुळीत, डाव्या कडेला पार पातळ झालेलं. क्लच पेडलचं रबर मात्र कोरं, त्यावरच्या रेघासुद्धा शाबूत.

"गुरुजी, ब्रेकचा रबर जुना अन् क्लचचा नवा काहून?"

एजंटचा पोरगा म्हणाला, मालकानं बदलला असेल. मिस्त्री काही बोलला नाही. त्यानं गाडी डांबरी रस्त्यावर नेली, चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला आणली आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. सुई झटकन तीन हजारांवर गेली, वेग मात्र हळूहळू वाढला. क्लच घसरत होता. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच गाडी पकडायची. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना एकदा कर्र असा आवाजही आला. घाईनं टाकलं तर हमखास, सावकाश टाकलं तर नाही. सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर बदलताना दोन्हीकडचा वेग जुळवणारी कडी, झिजल्याची ही खूण.

न्यूट्रलमध्ये ठेवून त्यानं क्लच दाबला, सोडला, परत दाबला. हे कोणीही करून पाहावं. पेडल सोडलेलं असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. इथं दुसरा प्रकार होता. गाडी बंद करताना खालून खडखड ऐकू आली. काही डिझेल गाड्यांत इंजिनचे हादरे शोषायला दोन थरांचं फ्लायव्हील असतं आणि ते ढिलं झालं की असा आवाज येतो. मिस्त्रीनं खात्रीनं सांगितलं नाही. चॅसी नंबर लिहून घेतला आणि सर्व्हिस सेंटरला फोन करून भाव विचारले. क्लच सेट मजुरीसह २५ हजारांच्या पुढे, फ्लायव्हील धरलं तर आकडा दुपटीजवळ.

मग सात माणसं बसवून गाडी रपट्यावर नेली. क्लच घसरत असतानाही दुसऱ्या गिअरमध्ये ती वर आली, कुरकुर न करता. मुलगा खूश झाला. "पाहा बाबा, सहा गिअर!" मिस्त्री हसला, "गिअर नाही भाऊ, इंजिन वढून रायलं."

डॉक्टरांची गाडी यवतमाळलाच पाहिली. सकाळी लवकर, थंड गाडी, आधी सुरू करू नका म्हणून सांगून ठेवलेलं. थंडीत गिअर घट्ट जातो का हे त्यामुळं कळतं. गरम झाल्यावर बरेच दोष लपतात. एकही खोट निघाली नाही. क्लच मध्यावर पकडणारा, गिअर लोण्यासारखे. सूनबाईंनी सीट पुढे ओढून चालवून पाहिली आणि म्हणाल्या, "मामाजी, हिचा क्लच हलका आहे. रोज मलाच चालवायची आहे." ही गोष्ट तोवर कोणाच्या लक्षातच आली नव्हती. मुलगा महिन्यातून दोनदा चालवणार, गुरुजी रविवारी, आणि बाकीचे सगळे दिवस सूनबाई. तरी गाडी निवडायला बसायचे ते बाप-लेक.

निघताना मिस्त्रीनं गुरुजींना बाजूला घेतलं. "रिकामी असली का साऱ्याच पळतात, गुरुजी. एकडाव भरून पाहा, मंग समजन."

गुरुजींना भीड पडली. या डॉक्टरांनी त्यांच्या आईवर उपचार केलेले. सात माणसं कोंबून तुमची गाडी खेड्यातल्या चढावर नेतो, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? म्हणजे झालं असं की खराब क्लचची गाडी भरून तपासली गेली आणि चांगल्या क्लचची रिकामी.

निर्णय

तीन गोष्टी समोर होत्या. एजंटला क्लच बदलून द्यायला सांगणं, नाहीतर तेवढी किंमत कमी करणं, नाहीतर डॉक्टरांची गाडी. एजंट १५ हजार सोडायला तयार झाला, क्लच बदलून द्यायला नाही. "सेकंड हँड गाडी आहे जी, थोडंफार राहतेच," हे त्याचं शेवटचं उत्तर. सर्व्हिसचा इतिहास मागितला तर तोही मिळेना. सीटची आणि पेडलची झीज पाहून मिस्त्रीचा अंदाज होता की पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी नंबरावरच, ही गाडी भाड्यानं फिरलेली असावी, आणि ९२ हजारांचा आकडाही खरा नसावा.

गुरुजींनी डॉक्टरांची गाडी धरली आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. सेकंड हँड गाडीत कागदावर कोणता गिअरबॉक्स सरस आहे यापेक्षा समोर उभा असलेला कसा वापरला गेलाय हे मोठं. इतिहास नसलेल्या गाडीचा क्लच बदलला तरी क्लच तेवढा नवा होतो, बाकी गाडी आहे तीच.

डॉक्टरांची गाडी ७ लाख ६० हजारांना ठरली. कागदांचं फार काही अडलं नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, जुनं कर्ज फिटलेलं पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच, म्हणून तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करून घेतला. पैसे देताना बोजा उतरेपर्यंत ५० हजार मागे ठेवले, ही मुलाची सूचना. बँकेतल्या माणसाला या गोष्टी बरोबर सुचतात.

घेतल्यानंतर

महामार्गावर तक्रारीला जागा नव्हती. नव्वद-शंभरच्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये सुई अडीच हजारांच्या आतच राहते, बोलणं ऐकू येतं, टाकी फुल करून मोजलेलं अ‍ॅव्हरेज २१ च्या आसपास. मुलाची "ओरडत जाते" ही भीती निराधार ठरली. आता तो म्हणतो की १२० ला फरक पडतो. समृद्धीवर कारची मर्यादा तेवढी आहे, पण हे घर नागपूरला जातं ते महामार्ग ३६१ नं, समृद्धीनं नाही.

रपट्यावर मात्र पहिल्याच रविवारी मिस्त्रीचं म्हणणं खरं ठरलं. सात माणसं, मागे सामान, सूनबाई चालवत होत्या. उतरून वळल्या, सवयीनं दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली, चढाला लागल्या आणि गाडी मध्यावर दम टाकून बंद पडली. परत सुरू करून हाफ क्लचवर वर घेतली तेव्हा जळका वास आला. दोघं उतरले, गाडी वर गेली, पण त्यानंतर भरलेली गाडी रपट्यावरून न्यायला त्या काही दिवस तयार नव्हत्या.

उपाय सोपा होता, फक्त अंगवळणी पडायला वेळ लागला. वळणावर गाडी जवळजवळ थांबतेच, तिथंच पहिला टाकायचा, चढ सुरू व्हायच्या आधी. चढाच्या मध्यावर दुसऱ्यातून पहिला टाकायला गेलं तर वेग मरतो आणि क्लचवर सगळा भार येतो. पहिल्यात सुई दोन हजारांवर राहते, टर्बो जागा असतो, क्लच पूर्ण सोडून गाडी चढते. थांबावंच लागलं तर हँडब्रेक ओढून निघायचं, क्लचवर गाडी तोलून धरायची नाही. मिस्त्रीनं हे एका सकाळी सूनबाईंना आणि गुरुजींना दोघांनाही करून दाखवलं. गुरुजींचा डावा गुडघा दुखतो, त्यामुळं हलक्या क्लचचा फायदा त्यांनाही झाला, जो विकत घेताना त्यांनी मोजलाच नव्हता.

गावातल्या रोजच्या फिरण्यात १७ ते १८ चं अ‍ॅव्हरेज मिळतं. गिअर जास्त बदलावे लागतात, विशेषतः ट्रॅक्टरच्या मागे अडकलं की दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा. पहिल्या पावसाळ्यानंतर क्लच थोडा वर पकडायला लागलाय. घसरत नाही अजून.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट भिडेची. डॉक्टरांना सरळ सांगता आलं असतं की आमचा रस्ता असा आहे, एकदा भरून नेऊ द्या, हवं तर तुमचा माणूस सोबत बसवा. फार तर नाही म्हणाले असते. गावापर्यंत आणणं जमलं नसतं तर यवतमाळमध्येच एखाद्या चढावर पाच-सहा जणांना बसवून, मुद्दाम थांबवून, दुसऱ्यात उचलून पाहता आली असती. गाडी हीच घेतली असती तरी सूनबाईंना पहिल्या रविवारी धडा मिळाला नसता.

दुसरी गोष्ट एजंटशी झालेल्या बोलण्याची. किंमत कमी कर म्हटल्यावर तो १५ हजारांवर अडला, कारण गाडी तशीच खपेल हे त्याला माहीत होतं. त्याऐवजी "क्लच आणि फ्लायव्हील सर्व्हिस सेंटरला बदलून बिल दाखव, मग पूर्ण मागणी देतो" असं म्हणून पाहायला हरकत नव्हती. तेवढ्यानं गाडीचा इतिहास मिळाला नसता, पण एजंटचा गाडीवर किती भरवसा आहे ते कळलं असतं.

तिसरी गोष्ट पेरणीच्या मुदतीची. गाडी पेरणीच्या आत हवी हे कुठून आलं, असं मी गुरुजींना विचारलं. बियाणं, खत आणायला म्हणाले. बियाणं-खत आजवर भाड्याच्या छोट्या टेम्पोतच आलेलं आहे, या वर्षीही टेम्पोतच आलं. ही अट नसती तर अजून दोन-तीन महिने थांबून, शेजारच्या वर्धा-अमरावती जिल्ह्यांतही शोधून, एका मालकाची सहा गिअरची गाडी कदाचित मिळाली असती. तशी मिळाली असती तर मी तीच घ्यायला सांगितलं असतं. सहाव्या गिअरसाठी नाही; त्यांच्या घराला रोज लागतो तो दुसरा गिअर, आणि १.५ च्या इंजिनमुळं तो जास्त कामाचा आहे.

एजंटची ती गाडी पुढे दिग्रसच्या एका माणसानं ८ लाख १० हजारांना घेतली. काही महिन्यांत ती याच मिस्त्रीकडे आली. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हील, गिअरबॉक्स खाली उतरवलाच म्हणून सिंक्रो रिंगही. बिल ४६ हजारांचं. म्हणजे ती गाडी त्या माणसाला ८ लाख ५६ हजारांना पडली, गुरुजींच्या गाडीपेक्षा ९६ हजारांनी महाग. मिस्त्री म्हणतो, आता ती झकास चालते. मीटरचा आकडा किती खरा हे मात्र अजून कोणालाच माहीत नाही, आणि इंजिनचं काम कधी निघेल याचा अंदाज बांधायला त्या आकड्याशिवाय दुसरं काही हातात नाही.